गिरगावच्या पोटमाळ्यावरचा सर्व्हर दुरून बंद-चालू करताना: कामाच्या नोंदी

जागा: गिरगावातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पोटमाळा. जुनी मराठी मासिकं स्कॅन करून जपण्याचं काम तिथे चालतं. यंत्रं: साध्या मदरबोर्डचा टॉवर सर्व्हर, चार डिस्कचा नॅस (फाइली साठवणारं नेटवर्कवरचं यंत्र), फायबरचा ओएनटी (फायबरवरचं इंटरनेट राउटरला देणारा डबा), राउटर, आठ पोर्टचा स्विच आणि १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. देखभाल माझ्याकडे, आणि मी मुलुंडला राहतो. रात्री आठनंतर आणि सोमवारी ग्रंथालय बंद असतं. तेव्हा काही अडकलं की पहारेकरी मामांना फोन करून बटण बंद-चालू करायला सांगणं एवढाच मार्ग होता. मामांचं वय साठीच्या पुढे, पोटमाळ्याचा जिना उभा. हे थांबवायचं ठरलं. दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला किंवा शाळेला असंच करायचं असेल तर कामी यावं म्हणून नोंदी ठेवत आहे.

शनिवार, १ जून २०२४

सर्वांत सोपा उपाय आधी: बाजारात मिळणारा वायफाय स्मार्ट प्लग. राउटर त्यावर लावला, मोबाइलवरून बंद केला. बंद झाला. चालू मात्र होईना, कारण प्लगला इंटरनेट मिळत होतं ते त्याच राउटरकडून. शेवटी मामांनी वर चढून प्लगवरचं बटण दाबलं.

पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरणार आहे, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: ज्याची वीज तोडायची त्याच्याच जिवावर तोडणारं यंत्र चालत असेल, तर ते ती वीज परत जोडू शकत नाही. दुसरं, तोडणारं यंत्र स्वतः बिघडलं तर वीज जोडलेलीच राहिली पाहिजे.

खर्च ₹९००. प्लग या कामातून बाद.

शनिवार, ८ जून

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. मोठ्या डेटा सेंटरमध्ये यासाठी स्विच्ड पीडीयू वापरतात. रॅकमध्ये बसणारी पट्टी, प्रत्येक सॉकेट नेटवर्कवरून वेगळं बंद-चालू होतं. नव्याची किंमत आमच्या सर्व्हरच्या आसपास गेली. एका दुकानात एपीसी कंपनीचा एपी७९०० हा पीडीयू वापरलेला, स्वस्तात मिळत होता. मागचं लेबल वाचलं तर १२० व्होल्ट, सॉकेटही अमेरिकी पिनांची. आपल्याकडे २३० व्होल्ट. त्याच घराण्यातला एपी७९२० आपल्या विजेवर चालतो आणि त्याला सी१३ सॉकेट असतात, पण तो मिळाला नाही. जुना पीडीयू घेणार असाल तर मॉडेल नंबरवर न जाता लेबलवरचे व्होल्ट वाचूनच पैसे द्या.

मग सुटे भाग घेतले: ईएसपी८२६६ (वायफायची चिप) आणि रिले (विजेने चालणारा स्विच) एकत्र असलेले दोन बोर्ड, पीसी८१७ ऑप्टोकपलर (तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारी चिप), रोधक, स्क्रू टर्मिनल, प्लॅस्टिकचा डबा. ₹१,३५०. रिले घेताना त्याला तीन टर्मिनल असल्याची खात्री करा: कॉमन, एनओ (एरवी तुटलेलं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). वायफाय स्विचच्या तयार डब्यांत बहुधा एनओच बाहेर काढलेलं असतं. मला एनसी हवं होतं, कारण खाली येईल.

शनिवार, १५ जून

रिले जोडायला बसलो आणि सर्व्हरच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या आल्या. मीटर लावला: कॅबिनेट ते न्यूट्रल १०८ व्होल्ट. इमारत जुनी, पोटमाळ्यावरच्या सॉकेटला तिसरं भोक आहे पण त्याच्यामागे अर्थिंगची तारच नाही. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे २३०च्या निम्म्यावर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो. पण अशा दोन यंत्रांच्या मध्ये आपण बारीक सर्किट जोडलं तर ते त्यातून जळू शकतं, आणि माणसाला तर हे चालणारच नाही.

म्हणून आधी अर्थिंग. वायरमन काकांनी मीटरच्या खोलीपासून २.५ चौरस मिमीची हिरवी तार वर आणली, जुनं सॉकेट बदललं. नंतरचं माप: फेज ते अर्थ २३४, न्यूट्रल ते अर्थ २, पत्रा ते न्यूट्रलही २. तार लोहार चाळीतून आणली. सामान आणि मजुरी मिळून ₹३,२००. दिवस यातच गेला, रिलेला हात लागला नाही. तरी सांगतो, मुंबईतल्या जुन्या इमारतीत हे काम करणार असाल तर सुरुवात इथूनच करा. आणि २३० व्होल्टचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

शनिवार, २२ जून

सर्व्हरची २३० व्होल्टची तार रिलेतून नेऊन घरी टेबलावर तपासली. रिले नेहमीचा निळा, अंगावर १० अँपिअर छापलेले. सर्व्हर दीड अँपिअरही घेत नाही, त्यामुळे हिशोबात पुरेसा. काही वेळा बंद-चालू केल्यावर रिले टक् करायचा पण सर्व्हर बंद व्हायचा नाही. रिले फोडून पाहिला, संपर्काची दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटली होती. एसएमपीएस सुरू होताना त्यातले मोठे कपॅसिटर पहिल्या काही मिलिसेकंदांत नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. छापलेले १० अँपिअर असल्या झटक्यासाठी नसतात. मोठा कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह पेलणारा रिले) लावता आला असता. त्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला: आमच्या डब्यात २३० व्होल्ट आणायचेच नाहीत.

राउटर आणि ओएनटी दोन्ही १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. अडॅप्टरची धन तार कापून कॉमन आणि एनसीमध्ये जोडली. एनसी म्हणजे रिले निपचित असताना जोडलेलं. बोर्ड जळला, त्याचा अडॅप्टर गेला, प्रोग्राम अडकला, काहीही झालं तरी राउटर चालूच राहतो. रिले ओढला जाईल तेवढाच वेळ वीज तुटते.

बोर्डवर तास्मोटा हे रिले चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. दोन सेटिंग महत्त्वाची. ‘पॉवरऑनस्टेट ०’, म्हणजे वीज आल्यावर रिले निपचितच राहील. ‘पल्सटाइम ११५’, म्हणजे रिले ओढल्यावर १५ सेकंदांनी बोर्ड आपणहून सोडेल. (११२ आणि पुढच्या आकड्यांतून १०० वजा केले की सेकंद मिळतात.) हा वेळ बोर्ड स्वतः मोजतो, ‘चालू कर’ असा दुसरा हुकूम लागत नाही. स्मार्ट प्लगवर जे अडलं होतं ते इथे सुटलं: राउटर गेला, १५ सेकंदांनी परत आला.

बाहेरून आत कसं यायचं, हाही प्रश्न होता. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० पासून सुरू होतो, दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला. म्हणजे आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग नाही. जुना रास्पबेरी पाय ३ (एका बोर्डचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) होता, त्यावर टेलस्केल हे खासगी जोडणीचं (व्हीपीएनचं) सॉफ्टवेअर बसवलं. पाय आतून बाहेर जोडणी करतो, मी मुलुंडहून त्याच्यापर्यंत पोहोचतो. तास्मोटाचं पान मुळात पासवर्डशिवाय उघडतं, ते इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

सोमवार, ८ जुलै

रात्री एक ते सकाळी सात, मुंबईच्या काही भागांत ३०० मिमीच्या वर पाऊस. मध्य रेल्वे विस्कळीत, ग्रंथालयाचीही सुट्टी. पहाटे गिरगावात वीज लागोपाठ जात-येत होती. साडेसहाला पायचा संपर्क तुटला.

मी फक्त ओएनटी अडकण्याचा विचार करून ठेवला होता. या वेळी राउटरच अडकला, वायफायसकट. रिलेचा बोर्ड शाबूत, पायही शाबूत, पण मी आणि पाय यांच्यामध्ये राउटर, आणि पाय आणि रिले यांच्यामध्येही राउटर. पहिल्या पानावरचंच वाक्य, वेगळ्या दाराने आत आलं.

मामांना फोन करावाच लागला. “दादा, कुठलं बटण? इथे सगळे दिवे हिरवेच दिसतायत.” फोनवर सांगण्यात गोंधळ झाला आणि यूपीएसचंच बटण दाबलं गेलं. चालू असलेल्या नॅसची वीज तुटली. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा डिस्कची फेरजुळणी सुरू होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. एकही पान गेलं नाही. पण १९३०च्या दशकातल्या काही अंकांच्या मूळ प्रतींचा हात लावताच भुगा होतो, त्यांचं स्कॅन हीच आता प्रत आहे. नॅसची वीज त्याला न विचारता तुटता कामा नये, हे त्या दिवशी पक्कं केलं.

शनिवार, १३ जुलै

वायफाय रिले काढले. दोन रिलेचा साधा बोर्ड थेट पायच्या पिनांना तारेने जोडला. जोडणी पुन्हा एनसीवरच.

इथे दोन गोष्टींत वेळ गेला. एक, हे स्वस्त रिले बोर्ड उलटे चालतात: पिन खाली (० व्होल्टवर) गेली की रिले ओढतो. पायच्या ० ते ८ क्रमांकाच्या पिना सुरू होताना वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. मी आधी १७ आणि २७ वापरल्या, त्यामुळे पाय सुरू होईपर्यंत राउटर बंदच राहायचा. ५ आणि ६ वर हलवल्यावर थांबलं. दोन, पायची पिन ३.३ व्होल्टची आणि बोर्ड ५ चा, त्यामुळे रिले कधी कधी सुटायचाच नाही. बोर्डावर दोन्ही बाजूंची वीज एकत्र जोडणारा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढून रिलेला ५ व्होल्ट आणि सिग्नलच्या बाजूला ३.३ असे वेगळे दिले. तेव्हापासून त्रास नाही.

आता माझ्या हुकुमाची वाट न पाहता पाय स्वतः निर्णय घेतो. दर मिनिटाला राउटरला पिंग (‘आहेस का?’ अशी हाक), मग बाहेर इंटरनेटवरच्या १.१.१.१ आणि ८.८.८.८ या पत्त्यांना. दहा मिनिटं राउटरच उत्तर देत नसेल तर राउटरची वीज १५ सेकंद तोडायची. राउटर ठीक पण बाहेरचं दोन्हीकडून उत्तर नसेल तर ओएनटीची. तोडल्यावर पाच मिनिटं थांबायचं, कारण ओएनटीला उभं राहायला वेळ लागतो. तीनदा करूनही जोडणी आली नाही तर सहा तास हात लावायचा नाही. रस्ता खोदताना फायबर तुटली असेल तर रात्रभर वीज तोडत राहून ती जुळणार नाही, उलट ओएनटीच खराब होईल.

पाय अडकला तर? त्याच्यात हार्डवेअर वॉचडॉग असतो, म्हणजे यंत्र अडकलं तर ते आपणहून पुन्हा सुरू करणारं घड्याळ. तो लिनक्सच्या सिस्टमडीतून १० सेकंदांवर लावला. शिवाय मेमरी कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडं राहील असं ओव्हरले चालू केलं. वारंवार वीज जाण्यात पायचं कार्डच पहिलं मरतं.

खर्च ₹१८०.

रविवार, २१ जुलै

मेगाब्लॉक, त्यामुळे निघालो लवकर आणि पोहोचलो उशिरा.

आज सर्व्हर. आधी वेक-ऑन-लॅन. पाय नेटवर्कवरून एक ‘जादुई पाकीट’ पाठवतो: सुरुवातीला सहा बाइट एफएफ, मग सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. बंद सर्व्हरचं कार्ड ते ऐकून यंत्र जागं करतं. पहिल्यांदा काहीच घडलं नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ईआरपी नावाचं वीजबचतीचं सेटिंग चालू होतं, त्यामुळे बंद असताना कार्डाला वीजच मिळत नव्हती. ते बंद केलं, लिनक्समध्ये ईथटूल या आज्ञेने कार्डाला जादुई पाकीट ऐकायला लावलं. चाललं.

मग यूपीएसच बंद करून चालू केला आणि पाकीट पाठवलं. सर्व्हर उठेना. या मदरबोर्डवर वीज पूर्ण तुटली की कार्ड ते ऐकणं विसरतं आणि लिनक्स पुन्हा सुरू होईपर्यंत त्याला कुणी आठवण देत नाही. म्हणजे नेमकी वीज गेल्यावर, जेव्हा गरज, तेव्हाच निकामी. सगळे मदरबोर्ड असे नसतात, पण तुमचा कसा आहे हे प्लग उपटूनच कळेल. नुसतं शटडाउन करून केलेली चाचणी पुरेशी नाही.

त्यापेक्षा कॅबिनेटवरचं बटणच पायच्या हाती दिलं. मदरबोर्डवरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना समांतर पीसी८१७ जोडला, पायच्या १७ नंबरच्या पिनेतून ३३० ओहमच्या रोधकामार्फत त्याचा दिवा पेटवायचा. (ही पिन सुरुवातीला खाली असते, इथे तेच हवं.) ३०० मिलिसेकंद म्हणजे बटण दाबलं, सहा सेकंद म्हणजे जबरदस्तीने बंद. दुसऱ्या पीसी८१७ने पॉवर एलईडीच्या पिना वाचल्या, म्हणजे सर्व्हर खरोखर चालू आहे की नाही ते पायला कळतं. बटणाच्या कुठल्या पिनेवर व्होल्टेज आहे ते मीटरने बघून ऑप्टोचा कलेक्टर तिकडेच लावा, उलटा लावला तर चालत नाही. ऑप्टोमुळे पाय आणि सर्व्हर यांच्यात तारेची जोडणी राहत नाही, अर्थिंगचा अनुभव घेतल्यावर मला हे फार मोलाचं वाटतं.

खर्च जवळजवळ काही नाही, सुटे भाग होतेच. इतक्या सगळ्यात सर्वांत कामाची गोष्ट हीच निघाली.

शनिवार, ३ ऑगस्ट

यूपीएस. मुंबईत वीज जात नाही असं म्हणायची सवय आहे, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड कोसळलं तेव्हा शहराच्या मोठ्या भागात काही तास वीज नव्हती. दहा-वीस मिनिटांचा यूपीएस तिथे पुरत नाही. यंत्रांनी नीट झोपावं आणि नीट उठावं, एवढंच त्याच्याकडून मागायचं.

आमचा भार सुमारे १४० वॅट. प्लग काढून प्रत्यक्ष मोजलं: २२ मिनिटं टिकला. पायवर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, बसवलं. यूपीएसची यूएसबी ओळख ०६६५:५१६१, अशा स्वस्त यूपीएसना नटडीआरव्ही-क्यूएक्स हा ड्रायव्हर आणि सायप्रेस हा सबड्रायव्हर लागतो. बॅटरीची किती मिनिटं उरली हे असे यूपीएस सांगत नाहीत, फक्त व्होल्ट सांगतात. म्हणून घड्याळ लावलं: सलग आठ मिनिटं बॅटरीवर असलो की नॅस आणि सर्व्हर दोघांना शटडाउन.

खरी अडचण नंतरची. आठव्या मिनिटाला शटडाउन सुरू झालं आणि नवव्या मिनिटाला वीज आली, तर? यूपीएस बंद पडलेलाच नाही, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ ठेवलं तरी ते लागू होत नाही, सर्व्हर बंदच राहतो. उलट वीज लागोपाठ जात-येत असेल तर तेच सेटिंग सर्व्हरला प्रत्येक झटक्याला उठवतं. म्हणून बायोसमध्ये ‘बंदच राहा’ केलं आणि निर्णय एकट्या पायकडे ठेवला: वीज सलग दहा मिनिटं स्थिर, सर्व्हरचा एलईडी बंद, आणि शेवटचं शटडाउन पायनेच केल्याची नोंद. तिन्ही खरं असेल तरच बटण दाबायचं. तिसरी अट नसती तर कुणी मुद्दाम बंद केलेला सर्व्हर दुरुस्ती करणाऱ्याचा हात आत असतानाच पायने चालू केला असता.

नॅसला त्याच्या मेनूत वेक-ऑन-लॅन आहे आणि वीज तुटून आल्यावरही ते टिकतं, हे तपासून घेतलं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी, झेंडावंदनानंतर काम. शेवटचा प्रश्न: इंटरनेट नाही आणि पायही गोंधळला, तर आत जायची वाट कोणती? मिस्ड कॉल.

सिम८००एल मॉड्यूल (सिम घालायचा फोनचा छोटा बोर्ड) आणि अर्डुइनो नॅनो (छोटा नियंत्रक बोर्ड). मॉड्यूलला फोन आला की नॅनो नंबर पाहतो, यादीतला असेल तर फोन कापून पायची ५ व्होल्टची तार रिलेने दहा सेकंद तोडतो. पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही. फोनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो, म्हणून या वाटेला पाय पुन्हा सुरू करण्यापलीकडे कसलाही अधिकार दिलेला नाही.

हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं, त्यामुळे टूजी जाळं असलेल्या कंपनीचंच सिम लागतं. घरातलं जादा सिम घालून सकाळ वाया गेली, ते फोरजीचं होतं. दुसरं सिम घातल्यावर नेटवर्क मिळालं, पण फोन येताच मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह. ब्रेडबोर्डच्या केसासारख्या तारांतून तेवढा जात नाही. व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर ४ व्होल्टवर ठेवला, आखूड जाड तार, मॉड्यूलला अगदी लागून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्थिरावलं. पोटमाळ्याच्या जाड भिंतीत सिग्नल ३१ पैकी ९ होता, अँटेना खिडकीशी नेल्यावर १९.

मॉड्यूल, नॅनो, कन्व्हर्टर, अँटेना: ₹१,१००. सिमचं रिचार्ज वेगळं. त्याची वैधता संपली तर ही वाट गुपचूप बंद होते, म्हणून तारीख ग्रंथपाल बाईंच्या कॅलेंडरवर लिहिली आहे.

रविवार, १ सप्टेंबर

शनिवारी गणपती बसतात, त्याआधी सगळं तपासून घेतलं. राउटरची नेटवर्कची तार उपटली: अकराव्या मिनिटाला त्याची वीज तुटून आली. यूपीएसची पिन काढली: आठव्या मिनिटाला शटडाउन, नवव्याला पिन मुद्दाम परत लावली, पुढच्या दहा मिनिटांनी सर्व्हर आपणहून उठला. पायचा प्रोग्राम थांबवून रस्त्यावरून मिस्ड कॉल दिला: पाय पुन्हा सुरू झाला, त्या काळात राउटर आणि सर्व्हर चालूच. नॅसची वीज एकाही चाचणीत तुटली नाही.

डबा उघडून पाहिला तर दोन महिन्यांतच स्क्रू टर्मिनलवर हिरवट थर. समुद्र चौपाटीवर, पाच-सात मिनिटांवर आहे. टर्मिनल घासून पुन्हा आवळले, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, डब्याच्या झाकणाला रबर लावलं. दर पावसाळ्याआधी आणि नंतर टर्मिनल आवळायचे.

बाईंनी एक सुधारणा सुचवली ती लगेच केली: यूपीएसच्या बटणावर प्लॅस्टिकचं झाकण, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत ‘हे बटण दाबू नये. आधी फोन करावा.’ खाली माझा आणि वायरमन काकांचा नंबर.

एकूण खर्च, बाद झालेला प्लग आणि अर्थिंग धरून, ₹६,७३०. पाय, अडॅप्टर आणि तारा आधीच होत्या. राहिलेलं काम: यूपीएसच्या बॅटऱ्या तीन वर्षांच्या झाल्या आहेत, दिवाळीआधी बदलायच्या आणि २२ मिनिटांचं माप पुन्हा घ्यायचं. पायची स्क्रिप्ट आणि जोडणीचा कागदी आराखडा ग्रंथालयाच्या दप्तरात ठेवला आहे, कुणाला हवा असेल तर बाईंकडे मागावा.